अनुपमादेवी : आबूच्या शिलालेखातील धर्मपत्नी

आपल्या समाजाच्या मासिकांत एक पान असे असते, की त्यावरून नजर सहज पुढे सरकत नाही. चंदनाचा हार घातलेले छायाचित्र, त्याखाली जन्माची व स्वर्गवासाची तारीख आणि मग ठरलेले शब्द : आदर्श पत्नी, वत्सल माता, धर्मपरायण सुश्राविका. ही विशेषणे बहुधा खरीच असतात. घरातील माणसांनी ती अश्रू पुसत लिहिलेली असतात. परंतु त्या विशेषणांच्या आड ती स्त्री स्वतः कुठे दिसत नाही. तिने कोणत्या प्रसंगी कोणता सल्ला दिला, कुणाची चूक थांबवली, घराचा पैसा कोणत्या वाटेने वळवला, हे त्या पानावर नसते. दोन पिढ्यांनंतर उरते ते नाव आणि फोटो.

सुमारे आठशे वर्षांपूर्वी प्राग्वाट, म्हणजे आजच्या पोरवाड समाजातील एका घराण्याने आपल्या सुनेची आठवण निराळ्या प्रकारे जपली. आबू पर्वतावरील देलवाड्याचे लूणवसही मंदिर पाहिले नाही असे जैन कुटुंब महाराष्ट्रातही विरळा. रंगमंडपाच्या छताला लटकणारे संगमरवरी कमळ पाहून प्रत्येकजण मान वर करून उभा राहतो. त्याच मंदिरातील शिलालेखात कोरलेले एक नाव मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. ते नाव आहे अनुपमादेवी, मंत्री तेजपाल यांची धर्मपत्नी.

घराणे आणि काळ

तेराव्या शतकाचा तो आरंभ. अणहिलवाड पाटणच्या गादीवर सोळंकी राजे दुसरे भीमदेव होते, परंतु राज्याचा खरा भार धोळक्याचे वाघेला राणक लवणप्रसाद आणि त्यांचे पुत्र वीरधवल यांच्या खांद्यावर आला होता. विक्रम संवत १२७६, म्हणजे इसवी सन १२२० च्या सुमारास त्यांनी अश्वराज व कुमारदेवी यांच्या दोन पुत्रांना मंत्रिपद दिले. थोरले वस्तुपाल आणि धाकटे तेजपाल. वस्तुपाल स्वतः संस्कृत कवी होते आणि खंभातसारखे समृद्ध बंदर त्यांच्या देखरेखीखाली होते. तेजपाल राज्यकारभारात व रणांगणावर तितकेच कुशल होते. त्यांच्या आधीचे दोन भाऊ लूणिग आणि मल्लदेव. शिवाय सात बहिणी. असे हे भरलेले एकत्र कुटुंब होते.

अनुपमादेवींचे माहेर चंद्रावतीचे. आबूच्या पायथ्याशी वसलेली ही परमार राजांची राजधानी. आज तिथे, आबू रोडजवळ, केवळ अवशेष उरले आहेत. परंतु त्या काळी ती व्यापाराने गजबजलेली, श्रीमंत श्रावकांची नगरी होती. तेथील प्राग्वाट श्रावक धरणिग यांची ही कन्या. आबूचा पर्वत तिने लहानपणापासून पाहिलेला होता.

या घराण्याविषयी आपल्याला दोन प्रकारच्या साधनांतून कळते. एक म्हणजे त्याच काळात दगडावर कोरलेले लेख. दुसरे म्हणजे नंतरच्या आचार्यांनी लिहिलेले प्रबंध : मेरुतुंगाचार्यांचा ‘प्रबंधचिंतामणी’ इसवी सन १३०५ चा, राजशेखरसूरींचा ‘प्रबंधकोश’ १३४८ चा, आणि त्यानंतर सुमारे शतकभराने जिनहर्षगणींचे वस्तुपालचरित्र. शिलालेख थोडे बोलतो पण नेमके बोलतो. प्रबंधांत कथेचा रंग मिसळलेला असतो. मात्र समाजाने एखाद्या व्यक्तीला कोणत्या गुणांसाठी स्मरणात ठेवले, हे त्यांतूनच समजते.

आठ द्रम्मांचा नवस

मेरुतुंगाचार्यांनी सांगितलेला एक प्रसंग विलक्षण आहे. अनुपमादेवींचे निधन झाले. ज्या तेजपालांनी युद्धे पाहिली, राजकारणाचे वादळ झेलले, त्यांचा शोक काही केल्या आवरेना. घरच्यांचे सांत्वन व्यर्थ गेले. तेव्हा कुलगुरू, नागेंद्र गच्छाचे आचार्य विजयसेनसूरी त्यांच्याकडे आले. लूणवसहीची प्रतिष्ठा ज्यांच्या हस्ते झाली, तेच हे आचार्य.

आचार्यांनी उपदेशाची नेहमीची भाषा वापरली नाही. त्यांनी तेजपालांना त्यांच्या बालपणीची एक गोष्ट आठवून दिली. धरणिगाच्या कन्येशी विवाह ठरला, तेव्हा ती मुलगी दिसायला चांगली नाही असे अनेकांकडून तेजपालांच्या कानी आले. हा संबंध कसाही करून मोडावा म्हणून त्यांनी चंद्रप्रभ भगवानांच्या मंदिरातील क्षेत्रपालाला आठ द्रम्मांचा भोग बोलला. द्रम्म म्हणजे त्या काळचे नाणे. तोच मुलगा आज तिच्याच वियोगाने व्याकूळ झाला आहे. या दोहोंपैकी खरे कोणते मानायचे, एवढेच आचार्यांनी विचारले. त्या प्रश्नाने तेजपालांच्या मनाची गाठ सुटली, असे प्रबंधकार सांगतात.

संसार आणि आसक्ती यांचे स्वरूप दाखवण्यासाठी आचार्यांनी ही आठवण काढली, हे उघड आहे. परंतु गृहस्थाच्या दृष्टीने त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. जी नकोशी होती तीच अशी अपरिहार्य कशी झाली? आठ द्रम्म देऊन जिला टाळायचे होते, तिच्याविना एक महामंत्री पोरका व्हावा, असे त्या मधल्या वर्षांत काय घडले? अनुपमादेवींचे खरे चरित्र या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

संपत्ती कोठे ठेवावी

प्रबंधांतील एक कथा हडाळा गावची. दोघे भाऊ सौराष्ट्रात तीर्थयात्रेला निघाले होते. वाटेत हडाळ्याला मुक्काम असताना त्यांनी आपल्या धनाची मोजदाद केली. ते तीन लाख भरले. सौराष्ट्रातील वाटा त्या वेळी सुरक्षित नव्हत्या. म्हणून एक लाख रात्रीच्या वेळी एका वृक्षाखाली पुरून ठेवायचे ठरले. खणू लागले तो काय, तिथे आधीच कोणीतरी पुरलेले सोन्याचे भांडे हाती लागले. पुरायला गेले आणि धन आणखी वाढले! आता हे सारे ठेवायचे कोठे?

वस्तुपालांनी हा प्रश्न अनुपमादेवींना विचारला. ही गोष्ट थांबून वाचण्यासारखी आहे. थोरल्या दिरांनी धाकट्या भावजयीला धनाच्या बाबतीत सल्ला विचारावा, ही त्या घराची रीत होती. कारण तेजपाल तिच्या बुद्धीचा मान राखत हे सर्वांना ठाऊक होते. अनुपमादेवींनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की धन पर्वताच्या शिखरावर ठेवावे. तिथे ते सर्वांना दिसेल, पण कोणालाही नेता येणार नाही. हा संकेत दोघा भावांनी ओळखला. शत्रुंजय, गिरनार आणि आबू येथील त्यांच्या मंदिरनिर्माणाचे मूळ प्रबंधकार या सल्ल्यात पाहतात.

व्यापारी घराला या उत्तराची खोली वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जमिनीत पुरलेले धन मालकाला भीती देते आणि जगाला काही देत नाही. ज्या खड्ड्यात दोघे भाऊ लाख पुरू पाहत होते, तिथेच कुणा अनामिकाचे सोने पडून होते. त्याचा मालक कोण, वारस कोण, कोणालाच माहीत नव्हते. पुरलेल्या लक्ष्मीचे पुढे काय होते, याचा पुरावा त्यांच्या हातातच होता. अनुपमादेवींनी तो पुरावा वाचला.

थंडीतील कारागीर

आबूवर मंदिराचे काम सुरू झाले. शिल्पशास्त्री शोभनदेव. काम मोठ्या खर्चाचे होते, पण गती मंद. प्रबंधांनुसार अनुपमादेवी पतीबरोबर पर्वतावर आल्या, तेव्हा एवढे धन देऊनही मंदिर वर येत का नाही, असे त्यांनी विचारले. शोभनदेवांनी अडचण सांगितली. पर्वतावर थंडी कडक. सकाळी हात आखडतात. दुपारी कारागिरांना घरी जाऊन, स्नान करून, स्वतःचे अन्न स्वतः रांधून जेवावे लागते. परत येईतो दिवस कलतो आणि पुन्हा थंडी सुरू होते.

अनुपमादेवींनी कोणालाही दोष दिला नाही. काम चालेल तेथे शेगड्या ठेवाव्यात, कारागिरांच्या भोजनाची व्यवस्था एका ठिकाणी करावी म्हणजे त्यांना चूल पेटवण्याचा त्रास उरणार नाही, आणि दिवसाचे व रात्रीचे कारागीर वेगळे ठेवावेत, जेणेकरून एकाच माणसावर भार पडणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी सुचवली. लक्ष्मी चंचल आहे, आयुष्य त्याहून चंचल. म्हणून चांगल्या कामाला विलंब लावू नये, हे त्यांचे सांगणे होते. व्यवस्था बदलली आणि काम वेगाने पुढे गेले.

ज्या घरात दुकान, गोदाम किंवा कारखाना आहे, त्याला या कथेतील शहाणपण चटकन उमगेल. काम रखडले की आपण हिशेब तपासतो, मुकादमाला बोलावतो, मजुरीवर बोट ठेवतो. हात गारठले आहेत आणि माणूस उपाशी आहे, हे बहुधा गृहिणीलाच आधी दिसते. संगमरवराच्या ज्या नक्षीपुढे आज जग थक्क होते, तिच्यामागे त्या शेगड्यांची ऊब आणि त्या स्वयंपाकघराचे गरम अन्न आहे, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा होती.

तुपाचा डाग

आणखी एक लहानशी कथा सांगितली जाते. गोचरीला आलेल्या मुनींना वहोरावताना तूप सांडून अनुपमादेवींच्या उंची वस्त्रावर पडले. तेजपालांना राग आला. अनुपमादेवींनी त्यांना हसून शांत केले. त्या म्हणाल्या त्याचा मथितार्थ असा : तेल्याच्या घरी जन्मले असते तर वस्त्रे रोजच तेलकट झाली असती, हे तर मुनिराजांच्या पात्रातील तूप, असा डाग लाभायला भाग्य लागते.

त्यांच्या दारी केवळ जैन साधूंचाच सत्कार होत नसे. सर्व दर्शनांचे साधू, संन्यासी, ब्राह्मण तेथे अन्न व आदर पावत. म्हणून लोक त्यांना ‘षड्दर्शनमाता’ म्हणत, असे प्रबंधकार नोंदवतात. या बिरुदाला पोषक असा पुरावा लूणवसहीच्या लेखांतही मिळतो. मंदिराची प्रशस्ती रचणारे सोमेश्वर हे राजपुरोहित, शैव ब्राह्मण होते. आणि मंदिराच्या रक्षणाची हमी देणाऱ्यांत आबूवरील अचलेश्वर व वसिष्ठ या स्थानांचे तपस्वी आणि ब्राह्मणही होते. ज्या घराने सर्वांना वाढले, त्या घराचे देवालय सर्वांनी आपले मानले.

दगडावर काय कोरले

आता त्या शिलालेखाकडे वळू. लेखातील तिथी आहे विक्रम संवत १२८७, फाल्गुन वद ३, रविवार. म्हणजे इसवी सन १२३०. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे हे मंदिर तेजपालांनी आपली पत्नी अनुपमादेवी आणि पुत्र लावण्यसिंह यांच्या पुण्य व यशाच्या वृद्धीसाठी बांधले, असे लेख स्पष्ट सांगतो. लावण्यसिंहांचे रूढ नाव लूणसिंह. लेखात मंदिराला ‘लूणसिंहवसहिका’ म्हटले आहे. थोरले बंधू लूणिग यांच्या नावावरून लूणवसही हे नाव पडले, अशीही प्रचलित समजूत आहे. काहीही असो, मंदिराच्या हेतूत मातेचे आणि पुत्राचे नाव एकत्र कोरलेले आहे.

परंतु खरी विशेष गोष्ट दुसऱ्या लेखात आहे. त्यात मंदिराच्या व्यवस्थेचे नियम दिले आहेत. स्नात्र, पूजा आणि देखभाल यांची जबाबदारी मल्लदेव, वस्तुपाल व तेजपाल या तीन भावांच्या वंशजांवर जशी सोपवली आहे, तशीच ती चंद्रावतीला राहणाऱ्या अनुपमादेवींच्या माहेरच्या कुळावरही सोपवली आहे. म्हणजे लूणसिंहाच्या आजोळची माणसे या देवालयाची विश्वस्त झाली. वर्धापनाच्या आठ दिवसांच्या उत्सवाचा एकेक दिवस चंद्रावती, कासह्रद, मुंडस्थल अशा आसपासच्या गावांतील श्रावकांना वाटून दिला आहे, आणि नेमिनाथ भगवानांच्या पाच कल्याणकांचा उत्सव देलवाड्याच्या रहिवाशांकडे सोपवला आहे.

यामागे व्यवहार आहेच. धोळका दूर, चंद्रावती पर्वताच्या पायथ्याशी. नित्य देखभाल जवळच्या माणसांनीच करायची. पण राज्यातील बलाढ्य मंत्र्याने हे काम पगारी कारभाऱ्यावर न सोडता सुनेच्या माहेरावर हक्क म्हणून सोपवावे आणि तो हक्क दगडावर कोरून ठेवावा, यात केवळ सोय नाही. विश्वास आहे, आणि ज्या घराने अशी मुलगी दिली त्याच्याविषयीची कृतज्ञता आहे.

मंदिराच्या हस्तिशाळेत संगमरवराचे दहा हत्ती आहेत. त्यांच्यामागे घराण्यातील पुरुषांच्या मूर्ती आपापल्या पत्नींसह उभ्या आहेत. त्या ओळीत कुमारदेवी आहेत, आणि तेजपालांजवळ अनुपमादेवी आहेत. घराणे म्हणजे केवळ पुरुषांची वंशावळ नव्हे, हे तिथे न बोलता सांगितले आहे. शत्रुंजयावरही तेजपालांनी पत्नीच्या नावे ‘अनुपमा सरोवर’ करविले. यात्रेकरूची तहान भागवणाऱ्या पाण्याला तिचे नाव मिळाले.

याच मंदिरातील दोन अतिसुंदर गोखले ‘देराणी-जेठाणीचे’ म्हणून दाखवले जातात. दोन जावांनी एकमेकींशी चढाओढ करून ते बांधले, अशी कथा वाटाडे रंगवून सांगतात. त्यांच्यावरील लेख मात्र निराळे सांगतो. विक्रम संवत १२९७ मध्ये तेजपालांनी आपली दुसरी पत्नी सुहडादेवी हिच्या पुण्यार्थ ते करविले. लोकांच्या तोंडी दोन स्त्रियांची आठवण स्पर्धेच्या गोष्टीत बदलली. दगडाने एका स्त्रीचे नाव नीट जपले. जे लिहून ठेवले जात नाही, त्याची जागा कशी भरली जाते याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या घरासाठी

आठ द्रम्मांच्या नवसापासून आबूच्या शिलालेखापर्यंतचा हा प्रवास एका दांपत्याचा आहे. तेजपालांचे मोठेपण त्यात कमी नाही. मुलगी कशी दिसते यावरून त्यांनी आरंभी तिची पारख केली. पुढे तिची बुद्धी ओळखली, तिचे ऐकले आणि तिचे ऋण जाहीरपणे मान्य केले. अनुपमादेवींनीही आपल्या नकोसेपणाची गाठ मनात बांधून ठेवली नाही. त्यांची पतिनिष्ठा मुकाट नव्हती. पती व दीर चुकीच्या ठिकाणी खणत असताना योग्य जागा दाखवणारी ती निष्ठा होती. त्यांचे मातृत्वही एका पुत्रापुरते राहिले नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या पाथरवटापर्यंत ते पोहोचले.

आज स्थळ पाहताना आपण पुष्कळदा त्या बालवयातील तेजपालांसारखेच वागतो. बायोडाटामध्ये रंग आणि उंची आधी वाचली जाते. सून घरी आली की पेढीचा हिशेब, नवी गुंतवणूक, धर्मादाय रक्कम यांच्या चर्चेत तिला चहापुरतेच बोलावले जाते. पुढे कधी तिच्या नावे पाठशाळेला खोली दिली, पाणपोई बांधली, तर पाटीवर तिच्या माहेरचे गाव क्वचितच असते. हे सर्व अपप्रवृत्तीने होते असे नाही; बहुतेक वेळा केवळ सवयीने होते. सवय बदलायला आबूच्या लेखाहून मोठा दाखला आपल्याला कोठे मिळणार?

पुण्यस्मरणाचे पान लिहिण्याची वेळ प्रत्येक घरावर येते. तेव्हा विशेषणांबरोबर तिचा एखादा सल्लाही लिहावा; तिने वाचवलेला एखादा तोटा, तिने मिटवलेला एखादा वाद, तिच्या सांगण्यावरून दिलेले एखादे दान लिहावे. तिच्या आईवडिलांचे व माहेरच्या गावाचे नाव लिहावे. आणि शक्य असेल, तर हे सारे तिच्यासमोर, तिच्या हयातीतच एकदा बोलून दाखवावे. नातवंडांना आजी केवळ फोटोत भेटू नये. तिच्या शब्दांतूनही भेटावी.